जाळीआडचा पाळणा

“पोट चौकोनी झालं. आता दोन-चार दिवसांचाच प्रश्न,” आप्पा म्हणाले, आणि माझ्या हातातला चहा बशीत सांडला.

ते माझ्याबद्दल बोलत नव्हते. टाकीतल्या एका मादीबद्दल बोलत होते. पण मला तेव्हा आठवा लागलेला, आणि त्यांची नजर काचेवरून सरळ माझ्याकडे वळली. काचेकडे जसं बघत होते अगदी तसंच माझ्याकडे बघितलं त्यांनी. पापणी हलली नाही.

“आप्पा, चहा,” मी म्हटलं.

“ठेव. आणि ती मागची पायवाट उतरू नकोस आता.”

ही गोष्ट पाचगणीची, आणि बरीच जुनी. माझा नवरा श्रीरंग मस्कतला नोकरीला होता. त्याचं पत्र आलं की मी आठवडाभर तेच वाचायची. घरात आम्ही तिघंच. आप्पा, माझे सासरे, तिथल्या एका निवासी शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. माई, माझ्या सासूबाई, एवढ्या मवाळ की भांडेवालीला ‘नीट घास गं’ म्हणायचं तरी त्यांचा आवाज चिरकायचा. आणि मी ही अशी फटकळ. बार्शीची आहे मी, आमच्याकडे पोटात काही ठेवायची पद्धत नाही.

घराच्या मागच्या खोलीत आप्पांच्या काचेच्या टाक्या होत्या. शाळा सोडून मायदेशी निघालेल्या कुणा गोऱ्या मास्तरानं जाताना त्यांना चार मासे दिले होते, मेक्सिकोतल्या कुठल्याशा झऱ्यातले. पुढे तो झराच आटला. “तिकडं आता एकही नाही. जे काही उरलेत ते असे कुणाकुणाच्या घरात,” आप्पा सांगायचे. हे मासे अंडी घालत नाहीत, सरळ जिवंत पिल्लं घालतात. त्यांना गार पाणी लागतं, म्हणून पाचगणी त्यांना मानवलेली. दिसायला म्हणाल तर काही नाही. बोटाएवढे, राखाडी, नराच्या शेपटीला जेमतेम पिवळी किनार. मी लग्न होऊन आले तेव्हा मनात म्हटलं होतं, एवढ्याशासाठी हा सगळा पसारा?

ती चौकोनी पोटाची मादी व्याली तेव्हा आप्पांनी मला हाक मारली. मी गेले, माईही आल्या. मादी तळाशी कोपऱ्यात, शेवाळाच्या झुपक्याला टेकून स्थिर होती. अंगाला एक झटका बसला आणि पिल्लू बाहेर आलं. त्याच्या पोटामागे पांढऱ्या दोऱ्या लोंबत होत्या.

“हे काय?” मी विचारलं.

“नाळ,” आप्पा म्हणाले. “बहुतेक माशांना नसते. ह्यांची पिल्लं आईच्या रक्तावर वाढतात.”

माझा हात आपोआप पोटावर गेला. दुसरं पिल्लू आलं, तिसरं आलं. मग मादी सावकाश वळली, तोंड उघडलं, आणि एक पिल्लू नाहीसं झालं. पाणी हललंसुद्धा नाही.

“अगबाई! स्वतःचंच?”

“सगळ्याच खात नाहीत,” आप्पा म्हणाले आणि त्यांनी टाकीत मधोमध काच सरकवली. “कुठली खाईल हे आधी ओळखता येत नाही, म्हणून सगळ्यांनाच वेगळं करायचं. तिला दोष द्यायचा नाही. तिला ते आपलं आहे हे कळतच नाही. समोर काहीतरी हलतं, एवढंच तिला दिसतं.”

माई तोवर बाजूच्या स्टुलावर बसल्या होत्या. काचेच्या अलीकडे अडकलेली पिल्लं त्या चमच्यानं अलगद उचलून पलीकडे सोडत होत्या. त्यांच्या हातून एकही पिल्लू दगावत नसे. त्या काचेला तोंड लावून काहीबाही पुटपुटत होत्या. मला वाटलं, देवाचं म्हणत असतील.

त्याच दिवशी जेवताना आप्पांनी ताटातून मान वर न करता सांगितलं, “वृंदा, तू बाळंतपणाला वाईला जा. दादांकडे. वहिनी करतील सगळं.”

दादा म्हणजे आप्पांचे थोरले भाऊ. माझी आई जाऊन तीन वर्षं झाली होती, बार्शीला वडील एकटे. माहेरी जायची सोय नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं. तरी सख्ख्या सुनेला पहिल्या बाळंतपणाला दुसऱ्याच्या घरी धाडायचं? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“का? मी इथं जड झाले का?”

माईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “राहू दे ना तिला, अहो. मी करीन. मला करू दे.”

आप्पा हात धुवायला उठले ते बराच वेळ मोरीतच होते.

मी हटून बसले आणि गेले नाही. चुलतसासूच्या हाताखाली बाळंतपण काढण्यापेक्षा माईंच्या मायेत काढलेलं काय वाईट? शिवाय एक गोष्ट मला आधीपासून खुपत होती. श्रीरंगला पाच वर्षांचा होईपर्यंत वाईला दादांकडे ठेवला होता. “माईंची तब्येत बरी नसायची,” एवढंच त्यानं मला सांगितलं होतं. मला मात्र आप्पांचा हात त्यामागे दिसत होता. पिल्लू झालं की वेगळ्या टाकीत, हीच त्यांची रीत. माझंही लेकरू हे माझ्याजवळ राहू देणार नाहीत, ही भीती तेव्हापासून मनात बसली, आणि दिवस भरत आले तशी ती वाढतच गेली.

मुलगी झाली. इस्पितळातून घरी आले तर माझ्या खोलीत पाळणा नव्हता. तो मागे, टाक्यांच्या खोलीत टांगलेला होता. खोलीच्या दाराला नवीन चौकट, तिला बारीक तारेची जाळी, आणि वर, माझा हात कसाबसा पोचेल इतक्या उंचीवर कडी. माई माझ्यापेक्षा वीतभर बुटक्या.

“आप्पा, हे काय आहे?”

“डास फार झालेत.”

“डिसेंबरात? पाचगणीला?”

“पाणी असतं ना टाक्यांमध्ये,” असं म्हणून त्यांनी माझ्या हातातून बाळ घेतलं.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. आप्पांनी आपली खाट त्याच खोलीत टाकली. मुलगी रडली की तेच उचलून माझ्याकडे आणायचे, मी पाजायला घेतलं की दाराबाहेर पाठ करून खुर्चीवर बसायचे, आणि पाजणं झालं की परत नेऊन जाळीआड ठेवायचे. माझं मूल, आणि मला ते मागून घ्यावं लागत होतं. जाळीतून बघावं तर पाळण्याच्या दोन्ही बाजूंना पाणी. टाक्यांचा उजेड तिच्या तोंडावर हलायचा. आणि मासे सगळे पाळण्याकडच्या काचेला येऊन थांबलेले असायचे, तोंडं उघडीत आणि मिटीत. दाण्याची वेळ नसतानासुद्धा.

न्हाऊ घालायला त्यांनी गावातून एक बाई लावली, तान्हूबाई नावाची. आजी घरात असताना बाहेरची बाई! ती मुलीला पायांवर घेऊन बसली की आप्पा न्हाणीच्या दारात उभे. बाळंतिणीच्या न्हाणीपाशी सासरा उभा राहतो असं कधी ऐकलंय का कुणी? तान्हूबाई मला हळूच म्हणाली, “म्हातारबाचं काय बिनसलंया का हो, वैनी?” मी काय सांगणार, कपाळ?

माई लांब, स्वैपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या राहून बघायच्या. त्यांचे हात नुसते हलत असायचे, अंगाला तेल लावल्यासारखे.

“एकदा पायावर घेऊ दे ना गं मला,” त्या म्हणायच्या. “एकदाच.”

“माझी ना नाही, माई. तुमच्या ह्यांना विचारा.”

“ते नाही म्हणतात.”

बारसं जवळ आलं तेव्हा मी माईंशी बोलत बसले होते. श्रीरंग एकुलता एक. “ह्याला बहीण नाही,” मी म्हटलं, “मग नाव कोण ठेवणार? दादांच्या मुलीला बोलवायचं का? आत्याच लागते ना कानात नाव सांगायला.”

माई वाती वळत होत्या. वात वळता वळता त्या मागच्या खोलीकडे बघत राहिल्या, आणि थोड्या वेळानं हसल्या. मला वाटलं, नातीच्या बारशाचा आनंद.

मग एक दिवस तान्हूबाई आली नाही, तिला ताप भरला होता. त्याच सकाळी आप्पांना वाईला जाणं भाग होतं. दादांना अर्धांगाचा झटका आल्याचा निरोप आला होता. एसटीच्या वेळेपर्यंत ते घरात येरझारा घालत होते. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, “आज अंघोळ नको. ओल्या फडक्यानं पूस. जाळीला कडी घाल आणि तू आत बस. मी संध्याकाळपर्यंत येतो.”

“आणि माई?”

“तिला कामात ठेव.”

“आप्पा, त्या आजी आहेत हिच्या.”

त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. मग पिशवी काखोटीला मारून गेले. सांगायचं ते तेव्हाही सांगितलं नाही.

एसटी गेल्याचा आवाज आला, तशी मी जाळी उघडली आणि मुलीला उचलून माईंच्या ओटीत घातलं. “घ्या. घाला न्हाऊ. आता कोण अडवतंय बघू.”

माईंनी काय सुरेख न्हाऊ घातलं म्हणता! पाट मांडला, पाय लांब केले, तिला पालथी घेतली. तेल कोमट, पाणी आपल्या कोपराला लावून बघितलेलं. तान्हूबाईच्या हातात किंचाळणारी पोरगी माईंच्या पायांवर गपगार. टाळू भरली, दुपट्यात गुंडाळली, धुरी दिली. माझे डोळे भरून आले. एवढी माया असलेल्या बाईला त्या माणसानं नातीला हात लावू दिला नाही, ह्याचा असा संताप आला मला!

“तू जेव आता निवांत,” माई म्हणाल्या. “मी झोपवते.”

मी जेवायला बसले. कितीतरी दिवसांनी गरम भात गरमच खाल्ला. माईंची अंगाई ऐकू येत होती. मग ती थांबली. झोपली असेल पोर, असं वाटलं.

ताट उचलताना जाणवलं की घरात आणखी काहीतरी थांबलंय. त्या घरात टाक्यांच्या पंपाचा आवाज रात्रंदिवस असायचा, बुडबुड, बुडबुड. इतका की तो ऐकूच येईनासा झाला होता. तो बंद होता. दिवे गेले म्हणावं तर ओसरीवरचा रेडिओ चालू. मी ताट तसंच टाकून मागे धावले.

जाळीचं दार उघडं होतं. मोठ्या टाकीचं झाकण काढून भिंतीला टेकवलेलं. माई स्टुलावर उभ्या होत्या. दुपटं खाली पडलं होतं, आणि मुलगी त्यांच्या दोन्ही हातांत, उघडी, पाण्यावर आडवी धरलेली. तिची पाठ पाण्याला टेकली होती, केस ओले होऊन पसरले होते. एक कान पाण्याखाली होता. दुसऱ्या कानापर्यंत पाणी येत होतं. ती रडत नव्हती. एखादं बोलणं ऐकावं तशी तिनं मान एका बाजूला कलती केली होती. आणि सगळे मासे, लहानमोठे सगळे, तिच्या त्या बुडालेल्या कानापाशी गोळा झाले होते.

“माई.”

“हळू बोल,” माई म्हणाल्या. आवाज अगदी रोजचा. “पंप बंद केला, तरी नीट ऐकू जात नाहीये हिला.”

“माई, मुलगी द्या माझी.”

“थांब गं. आत्याच नाव ठेवते ना? ती सांगतेय. पण ती पाण्यात, ही बाहेर. दोन्ही कान आत गेल्याशिवाय कसं ऐकू जाईल?” आणि त्यांनी हात आणखी खाली नेले.

मी स्टुलावर कशी चढले, कुणाचा धक्का कुणाला लागला, काही आठवत नाही. पाणी माझ्या नाकातोंडात गेलं एवढं खरं. भानावर आले तेव्हा मी जमिनीवर बसले होते, मुलगी माझ्या छातीशी खोकत होती, मग रडत होती. असं भोकाड पसरलं तिनं, आणि मला तो आवाज इतका गोड वाटला की मीही रडायला लागले. माई स्टुलावरून उतरल्या. पंपाचं बटण लावलं, झाकण जागच्या जागी बसवलं. मग पदरानं हात पुसून म्हणाल्या, “भांडी घासायची राहिलीत,” आणि निघून गेल्या.

आप्पा आले तेव्हा मी माझ्या खोलीला आतून कडी लावून बसले होते. मी दार उघडलं आणि जे झालं ते सांगितलं. ते भिंतीला धरून खाली बसले.

“आधी मुलगी होती आम्हाला,” ते म्हणाले. “श्रीरंगच्या आधी. बारशाच्या आदल्या दिवशी ही तिला न्हाऊ घालत होती. घंगाळात धरली, आणि धरून ठेवली. मी शाळेतून आलो तर ही तिच्याशी बोलत बसलेली. मी लोकांना सांगितलं, हातातून निसटली. श्रीरंग झाला तसा मी त्याला दादांकडे पोचवला. त्यालाही हे ठाऊक नाही.”

“आणि मला? मला का नाही सांगितलंत?”

“काय सांगणार होतो? पोलिस, वेड्यांचं इस्पितळ... मी तिला तिथं सोडणार नव्हतो. हे मासे आले, ही पिल्लं वाचवायला लागली, आणि तिच्या जिवाला जरा थारा मिळाला. मला वाटलं, बरी झाली. तरी जाळी लावली. तुझ्यासाठीसुद्धा. बाळंतपणात कुणाचं काय होईल सांगता येत नाही.”

“आप्पा, मासे मुके असतात. मला कान आहेत. त्या जाळीऐवजी एक शब्द बोलला असतात तर?”

ते मग म्हणाले, “तिच्यासमोर काढू नकोस हे. तिला त्यातलं काही आठवत नाही. इतकी वर्षं मी ते तिच्यापर्यंत पोचू दिलेलं नाही. समजलं तर ती जगायची नाही.”

मी रात्रभर मुलीला छातीवर घेऊन जागी राहिले, आणि उजाडल्यावर आप्पांनाच टॅक्सी आणायला सांगितलं. वडिलांकडे बार्शीला जायचं मी ठरवलं होतं. सोय असो नसो, तिथं पाणी कमी होतं.

टॅक्सी फाटकाशी उभी राहिली. सामान चढवलं. माई बाहेर आल्या, नेसणं नीटनेटकं, केसांत शेवंती. मला त्यांची भीती वाटत होती, नाही कशी म्हणू? पण त्याच बाईनं आदल्या दिवशी माझ्या लेकीची टाळू भरली होती. परत भेट कधी, कोण जाणे. मी पुढं झाले.

“वृंदा, नको,” आप्पा मागून म्हणाले.

“मी खाली हात धरते, आप्पा,” असं म्हणून मी मुलीला माईंपुढे धरलं.

माई एक पाऊल मागे सरल्या. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट धरले.

“हातात देऊ नकोस,” त्या म्हणाल्या. “नुसती दाखव.”

मी दुपटं बाजूला केलं. त्यांनी वाकून बघितलं, हात मागेच. पोरगी झोपेत ओठ हलवत होती. “माझ्या पहिलीची जिवणी अशीच होती,” माई म्हणाल्या. “ती दुपारी झोपायची नाही मात्र. त्या दिवशीही झोपली नव्हती.”

आप्पा फाटकाला धरून उभे होते. “तुला... तुला ते ठाऊक आहे?”

“अहो, माझेच हात होते ते,” माई म्हणाल्या. “तुम्हाला वाटायचं मला आठवत नाही. तेवढाच तुमच्या जिवाला आराम होता, म्हणून मी कधी बोलले नाही.”

मग माझ्याकडे वळून, पाठीमागचे हात न सोडता म्हणाल्या, “जा, बस आता. ऊन वर येईल, पोरीला घाट लागेल.”

मी गाडीत बसले. आप्पा फाटकाशी खाली मान घालून रडत होते, आणि माई त्यांच्या शेजारी उभ्या होत्या. आप्पांना धरायला हात पुढं करावा की न करावा, हे माईंना कळत नव्हतं.